पाणीवालं निरूपण

देवाने माणसाला नीटनेटकेपणा दिला, पण कुठे थांबावं ते सांगायचं राहून गेलं, असं ग्रंथपालाला त्या दुपारी वाटलं.

त्याचे वडील गात गात निरूपण करायचे. ते गेल्यावर त्याने त्यांची सहाशे बारा रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवली. ऐकणारे भाबडे, मायाळू. जो तो आपापला टॅग लावून जाई. ‘बुवांनी रडवलं’. ‘झोप येत नसेल तर हे’. ‘पाणी आण गं’. ग्रंथपालाचं डोकंच सणकलं. हे काय विषय झाले? पुस्तकांना क्रमांक देण्यात हयात गेलेली. महिनाभर बसून त्याने सगळे टॅग पुसले आणि ‘भक्ती’, ‘वैराग्य’, ‘क्षमा’ असे मोजके नऊ लावले.

आणि आज खाटेवरून आई म्हणाली, “ते लाव रे, पाणीवालं.”

“कुठलं गं?”

“गाता गाता ह्यांचा घसा बसला नि भर सभेत मला हाक मारली, ‘पाणी आण गं!’ सगळी माणसं हसली. चारचौघांत मारलेली तेवढी एकच हाक. सूनबाई कशी पटकन लावायची!”

बायको दारातच उभी होती. “मी तो टॅग दाबायचे, दुसरं काय! आता तुमचे नऊ आहेत. शोधा त्यात.”

डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते: दोन दिवस, फार तर तीन. एकेक निरूपण दोन तासांचं. संकेतस्थळवाल्यांनी हात वर केले. पुसलेलं परत येत नाही म्हणे. त्याने श्रोत्यांना हात जोडून लिहिलं. तासाभरात उत्तर आलं, ‘तो टॅग काढला कुणी? मीही रोज त्यावरूनच जायचो. निरूपण कितवं, ते कधी पाहिलंच नाही.’ मग आणखी तिघांचं, तेच.

शेवटी त्याने ‘भक्ती’तलं पहिलं लावलं.

“हे नव्हे,” आई म्हणाली. “पण असू दे. गातायत छान.”

वडिलांचा आवाज जरा घोगरा झाला की ती उशीवरून मान उचलायची, हात पेल्याकडे जायचा. पुढची ओळ खणखणीत आली की मान परत उशीवर. ग्रंथपाल पाय दाबत बसला. दुसरं हातात होतं काय?

तिसरं निरूपण संपलं. तिने डोळे उघडले नाहीत.

“पुढचं लाव,” एवढंच म्हणाली.