लुंबिनीचा रुमाल

वेबसाइट हलली पाहिजे, या मताचा मी पहिल्यापासून आहे. नांदेडात इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कण्हत यायचं, तेव्हापासून मी हा धंदा करतो. त्या काळी फोटो पानावर वरून खाली उतरायचा. एकदा एका पुढाऱ्याचा फोटो उघडायला लावला, मुदखेडला मेहुण्याकडे जेवून परत आलो, तर भुवया नुकत्याच उतरल्या होत्या. अशा काळातसुद्धा मी पानांवर कारंजी उडवली. अर्धापूरच्या एका बागायतदाराच्या पानावर केळीचा घड असा पिकवला, की सकाळी हिरवा, दुपारी पिवळा आणि सांजच्याला मॉनिटरवर चिलटं. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला, सरजाबाईला विचारा. फडकं घेऊन चिलटं हाकत तीच बसली होती.

म्हणून लोह्याकडच्या एका जनावरांच्या बाजाराला वेब अ‍ॅप पाहिजे, असं कानावर आलं तेव्हा ते काम माझंच, यात मला शंका नव्हती. बाजार चालवणारे सटवाजी यांची इच्छा अशी, की तेलंगणातल्या गिऱ्हाइकानं घरी बसून इथला बैल घ्यावा. पण त्यांनी नमुना दाखवायला आणखी एकीला बोलावलं होतं. लातूरची लुंबिनी. तिला आयुष्यातलं पहिलं बटण बनवायला मी शिकवलं. आता ती लातुरात दोन खोल्या घेऊन हैदराबादेची कामं करते आणि मला 'काका' म्हणते. 'सर' म्हणाली असती तर एवढं झोंबलं नसतं.

नमुने दाखवायच्या दिवशी बाजाराच्या कचेरीत दलाल दाटीवाटीनं बसले. आधी मी. माझा बैल पडद्यावर आला आणि त्यानं कान हलवले. बोटानं फिरवा, फिरतो. पाठीवर बोट ठेवा, कातडी थरथरते. तोंडावर टिचकी मारा, जबडा उघडतो आणि दात मोजून घ्या. एक खरी माशी पडद्यावर बसली, तर बैलानं शेपटी मारली आणि माशी उडाली. दलालांनी माना डोलावल्या. मग मी उजव्या बाजूचा फलक उघडला. त्यावर कोण किती बोली लावतो ते नावासकट, आकडे उड्या मारत, सगळ्या जगाला दिसत होतं.

सटवाजी म्हणाले, "बैल लई भारी हाय, व्यंकटराव. पर बोली अशी चारचौघात?"

"हाव. तीच तर मजा हाय."

दलालांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू भर मांडवात कुणाचं धोतर सुटलं.

आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात, एक बोट म्हणजे दहा हजार. बाजूच्याला नुसता रुमाल हलताना दिसतो. शेवटी अख्खा पंजा दाबला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नाही. माझ्या वडिलांची अर्धी हयात त्या रुमालाखाली गेली. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण इंटरनेट म्हणजे सगळं दाखवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मग लुंबिनीनं तिचं पान उघडलं. बैलाचा एक साधा फोटो. शेपटीसुद्धा हलत नव्हती. मी मिशीत हसू लागलो. फोटोखाली एक करडा रुमाल होता. तिनं एक फोन सटवाजींच्या हातात दिला, एक भीमा दलालाच्या, आणि दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं.

"मामा, रुमालावर जेवढी बोटं टेकवाल तेवढे ठोके भीमाभाऊच्या तळहातात बसतील. ते टेकवतील तेव्हा तुमच्या."

सटवाजींनी बोटं टेकवली. भीमा गालात हसला आणि त्यानं उलट टेकवली. बाजूचे दलाल वाकून वाकून पाहत होते, पण दिसत होती ती फक्त कापडाची घडी. बोटाबरोबर उठायची आणि बोट उचलल्यावर क्षणभर थांबून बसायची. शेवटी सटवाजींनी पंजा दाबला. मग भीमानं.

"कितीला झाला?" कुणीतरी विचारलं.

"तुला काय करायचं?" दोघं एकदमच म्हणाले.

दलाल रुमालावर खूश होते, मी त्या घडीवर जळत होतो. इतकी कारंजी उडवली, पण क्षणभर थांबणारी घडी मला कधी सुचली नाही.

सटवाजी म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत पोरीचं पान खऱ्या जनावरांवर चालवून बघू. खोट निघाली तर व्यंकटरावचा बैल हायच."

खोट काढायची जबाबदारी मी स्वतःवर घेतली. घरी येऊन सरजाबाईच्या नावानं खातं उघडलं. नेट बंद केलं, चालू केलं. फोन उलटा धरला. असतील नसतील तेवढ्या ब्राउझरांत पान उघडलं. रुमाल ढळेना. मग पंढरी नावाच्या माणसाच्या एका लाल बैलावर मी दोन बोटं टेकवली. जरा वेळानं तळहातात चार ठोके आले. मी तीन केली. तिकडून काहीच नाही, आणि मग सावकाश, पुन्हा चार. वडिलांचा हात असाच होता, उत्तर देण्याआधी थांबणारा. मला तो हात आठवावा, हे त्या पोरीनं घडवून आणलं, याचा मला असा राग आला की मी जुना उपाय काढला. कुठलंही पान मोडायचं तर सगळी बोटं तळव्यासकट एकदम टेकवून घासायची. भली भली पानं गोठतात.

रुमाल फडफडला, तिकडून तळहातभर एक जड ठोका आला, मग रुमाल नीट घडी होऊन बाजूला झाला आणि खाली अक्षरं आली: सौदा झाला.

सापडली खोट. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी लुंबिनीला फोन लावला.

"जयभीम काका."

"जयभीम. लुंबिनी, तुझं पान बिघडलं गं. मी नुसती बोटं टेकवली, तर सौदा झाला म्हणून राहिलं."

"किती बोटं?"

"सगळी."

"अन् तळवा?"

मी तळवा मांडीला पुसला.

"मग पान बिघडलं न्हाई काका. तुम्ही बैल घेतला."

"मी तपासून राहिलो होतो."

"सरजाकाकूच्या नावानं?"

"रद्द कर."

"करते. पर पंढरीभाऊनं बैल ओवाळून टेम्पोत चढवलाय. त्येंना काय सांगू? रुमालाखालचा शब्द व्यंकटकाकांनी फिरवला म्हणू?"

माझ्या वडिलांनी आजारी जनावरसुद्धा दिलेल्या शब्दावर घरी आणलेलं. मी म्हणालो, "येऊ दे."

बैल आला. शिंगं इतकी रुंद, की गल्लीत टेम्पो वळेना. वळवायला पार अर्धापूरपर्यंत जावं लागलं. सरजाबाईनं दारातून बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यो तरी खरा हाय का, का हाकलायला फडकं आणू?"

तोवर त्यानं तिचा कढीपत्ता संपवला होता.

सटवाजींचा फोन आला. "व्यंकटराव, माझी शंका फिटली. तुमच्यासारखा मुरलेला गडी पोरीच्या रुमालात हात घालून बैल घेऊन बसला. आता आणिक कसली परीक्षा घ्यायची? काम तिला दिलं."

बैल अंगणात ठेवणं शक्य नव्हतं, आणि विकायचा तर दूरचं गिऱ्हाईक एकाच पानावर मिळत होतं. मी पुन्हा लातूरला फोन लावला.

"विकणाऱ्याचं खातं उघडून देते," लुंबिनी म्हणाली. "बैलाचा फोटो पाठवा. साधा. अन् काका, खरं सांगा, काही खोट दिसली का?"

मी खूप वेळ शोधली. "रुमाल जरा जास्त करडा हाय."

"मग कसा पाहिजे?"

"पांढरा. मळून करडा झालेला."

"बघते," ती म्हणाली, आणि लिहून घेतल्याचा आवाज आला. ते मला सुचलं असूनही तिच्या पानावर जाणार, म्हणून मी आणखी जळलो.

दुपारी तळहातात ठोका आला. एकच. देगलूरच्याही पलीकडचा, तेलंगणातला कुणीतरी हलकट माणूस. मी पाच बोटं टेकवली, तळवा मात्र नीट वर धरला, आणि सरजाबाईला म्हणालो, "चहा टाक. येळ लागंल."