तीनदा काढलेलं वर्तुळ

मी आळशी मास्तर होतो, हे आधीच सांगून टाकतो. गावात माझा गणिताचा मास्तर म्हणून बोलबाला होता, तो फुकटचा.

सत्तावन्न साल. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या आमच्या गावात नवी शाळा निघाली होती. मॅट्रिकला तीन पोरं आणि मासे धरणाऱ्या ढिवराची वच्छला. मॅट्रिक झाली की अहेरीकडे तिला मास्तरणीची नोकरी मिळणार होती. तिच्या बापानं, मनसारामनं, तेवढ्यासाठी दोन वर्षं लग्न थांबवलं होतं. नापास झाली की लग्न, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

त्रिकोणात तिन्ही बाजूंना टेकेल असं वर्तुळ बसवायचं तर कोन दुभागायचे. त्या रेघा मिळतात तिथं केंद्र. पण त्यासाठी फळ्यावर कंस मारत बसावं लागतं, आणि आमच्या लाकडी कंपासचा पाय ढिला. मी सोपं केलं. तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढला, फूटपट्टीनं बाजूंचे मध्य घेतले आणि समोरच्या कोनांना जोडले. अशा त्रिकोणात मध्याची रेघच कोनही दुभागते. वर्तुळ झकास बसलं.

"गुरुजी, कोन सारखे नसले तं बी असंच काय?" वच्छलानं विचारलं.

"सांगतो तेवढं लिही," मी खेकसलो. तास संपत आला होता. बाकीचं उद्या सांगू म्हटलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, परीक्षेत नेमका वेड्यावाकड्या बाजूंचा त्रिकोण आला. पोरांनी तो प्रश्न सोडून दिला. वच्छलानं मी शिकवलं तसंच काढलं. वर्तुळ एका बाजूला कापून बाहेर जायचं, दुसरीला पोचायचंच नाही. आपलाच हात चुकतोय असं समजून तिनं तीनदा खोडून काढलं. अर्धा तास त्यात गेला, पुढचे दोन प्रश्न राहिले. पेपर झाल्यावर तिनंच मला हे सांगितलं. चूक माझ्या शिकवण्यातली हे मला तिथंच कळलं, पण मी म्हटलं, "होशील पास."

चार मार्कांनी गेली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी ढिवरांच्या मोहल्ल्यात गेलो. चूक माझी, पोरीला पुन्हा बसू द्या, एवढं सांगायचं ठरवूनच निघालो होतो. मनसाराम अंगणात जाळं सांधत होता. मला पाहून त्यानं लगबगीनं खाट टाकली. शेजारची चार माणसं हात जोडून उभी राहिली.

"तुमी तं जीव तोडून शिकवलं जी गुरुजी," मनसाराम म्हणाला. "पोरीच्याच डोस्क्यात नाई शिरलं. राजुऱ्याचे पाव्हणे पाहाले येऊन राह्यले आता."

वच्छला पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवला, पण आत गेली नाही.

"बाबा, मले अजून एक डाव बसू द्या ना."

"शिकवण्यात कसर राह्यली असती तं बसवलं असतं. शिकवूनबी नाई आलं, तं बसून का फायदा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, माहं चुकलं कुठी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. चार माणसांत माझी अब्रू जाणार होती.

"घाई केलीस," मी म्हणालो.

"आयकलं?" मनसाराम तिला म्हणाला.

"हो गुरुजी," वच्छला म्हणाली आणि आत गेली.