हातातून घ्यायचं नाही

शनिवारी दुपारी बेकरीची भट्टी निवत ठेवली की वरच्या माडीवर जेवणाची दोन टेबलं मांडली जात. मोठं टेबल घरातल्यांचं. खिडकीजवळचं लहान टेबल थोरलीचं. थोरली म्हणजे या घरची लेक. पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती आणि आठवड्यातून एकदा आईवडिलांकडे जेवायला येई. तिला घरात येण्याची मुभा होती, बसण्याची होती, बोलण्याचीही होती. फक्त तिच्या टेबलाला घरच्यांचं टेबल लागता कामा नये आणि तिच्या हातातून कुणी काही घेता कामा नये, एवढीच काय ती त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची अट. केवढं हे औदार्य!

आता तिचा गुन्हा ऐका. या घराच्या मंडळीत मूल पाळण्यात असतानाच त्याला बाप्तिस्मा देत. थोरलीनं कळत्या वयात शास्त्र वाचलं आणि तिच्या मनानं घेतलं की विश्वास म्हणजे काय हे ज्याला उमगत नाही, त्याच्या कपाळावर पाणी शिंपडून उपयोग काय? ती दुसऱ्या मंडळीत गेली, आपल्या तोंडानं कबुली दिली आणि पुन्हा बाप्तिस्मा घेतला. प्रभू तोच, शास्त्र तेच, पाणीही एकाच नळाचं. पण पहिला बाप्तिस्मा तिनं खोटा ठरवला म्हणून मंडळीनं तिला बाहेर टाकलं. तो ठराव भर उपासनेत वाचून दाखवणारे पंच होते तिचेच वडील. थोरलीच्या नव्या मंडळीतही शहाण्यांची वाण नव्हती. त्यांनी तिला घरचा उंबरा चढू नकोस म्हणून बजावलं होतं. तिनं ते ऐकून घेतलं आणि शनिवार काही सोडला नाही.

थोरलीच्या आईला सगळी गल्ली पाव नेताना काकू म्हणे. आपणही तेच म्हणू. काकू लहान टेबल मांडताना ते हळूच पुढे सरकवत, इतकं की मध्ये बोटभर फट राही. काका, म्हणजे थोरलीचे वडील, जेवायला बसण्याआधी ते वीतभर मागे ओढत.

"अहो, बोटभर काय नि वीतभर काय, फट ती फटच ना?" काकू पुटपुटल्या.

"फट ठेवायची तर दिसली पाहिजे," काका म्हणाले.

त्या दिवशी सूनबाईनं पंचाईत केली. तिचे दिवस भरत आले होते. "ताई, मीठ द्या हो," असं म्हणून तिनं थोरलीच्या हातातून भांडं सरळ घेतलं. काकांचा घास हातातच राहिला.

"सूनबाई, या घरची रीत ठाऊक नाही का तुला?"

"ठाऊक आहे ना बाबा. पण ताईंनी टेबलावर ठेवलेलं उचलायला वाकावं लागतं, आणि पोट आडवं येतं." धाकटा, म्हणजे तिचा नवरा, हसू दाबत ताटात बघू लागला. ती मात्र तशीच पुढे बोलली, "आणि बाळ तर ताईंच्याच हातात यायचंय. त्यालाही टेबलावर ठेवून मग उचलायचं का?"

"ते यायचं नाही हिच्या हातात. गावाच्या त्या टोकाच्या दवाखान्यात नाव घातलंय तुझं. माझ्या नातवंडाला पहिला हात आपल्यातल्या माणसाचा लागेल."

"बाबा, फार लांब आहे तो," थोरली म्हणाली. "पहिलटकरणीला नेहमी वेळच लागतो असं नाही. कधीकधी गाडीपुरताही वेळ मिळत नाही."

"तुझा सल्ला कुणी विचारला?"

काकूंनी काकांच्या ताटात भाजी वाढली. लेक पार तुटण्यापेक्षा फट परवडली, हा त्यांचा हिशेब होता, आणि गेली कित्येक वर्षं त्या हिशेबावर हे घर चाललं होतं. रोज गिळला तर कडू घोटही अंगवळणी पडतो.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी सूनबाईला कळा सुरू झाल्या. धाकटा गाडी घेऊन पाव पोचवायला गेलेला. काका पंचांच्या बैठकीला बसलेले, फोन बंद. लांबच्या दवाखान्याची गाडी निघाली म्हणाले, पण पोचेना. दुकानामागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांशेजारी काकांची दुपारी आडवं व्हायची खाट होती. तिथं सूनबाईला निजवलं.

"आई, ताईंना बोलवा," ती कण्हत म्हणाली. "मला भीती वाटतेय हो."

काकूंनी फोन केला. थोरली वॉर्डातल्या कपड्यांतच धावत आली. तिनं हात धुतले, एक नजर टाकली आणि आईला म्हणाली, "हलवायची वेळ गेली. इथंच होणार. आमच्या दवाखान्याची गाडी मागव, जवळची आहे."

काकूंनी मान हलवली, पण फोन काही केला नाही. यांना विचारल्याशिवाय कसा करायचा?

मुलगी झाली आणि तिनं लगेच टाहो फोडला. सूनबाई हसली. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. मग खाटेवरून रक्त खाली टपकू लागलं आणि ते थांबेना. थोरलीनं एका हातानं सूनबाईचं पोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं बाळ आईपुढे केलं.

"आई, घे हिला. मला दोन्ही हात पाहिजेत."

काकूंचे हात पुढे झाले. अर्ध्यावर आले आणि थांबले. कुणी धरले नव्हते, कुणी दटावलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपणहून मागे गेले.

"खाली ठेव गं," त्या म्हणाल्या. "मी उचलते."

"कुठे ठेवू? रक्तात ठेवू?" थोरली ओरडली. "आई, घे ना!"

एवढ्यात बैठक आटोपून आलेले काका दारात उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नुसत्या बघत होत्या, पण काय विचारत होत्या ते काकांना नेमकं कळलं.

"ते पीठ मळायचं टेबल पूस," काका म्हणाले, "आणि त्यावर ठेवू दे."

काकू फडकं शोधायला धावल्या. ज्या सुनेनं त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही ती तिकडे पांढरी पडत चालली होती आणि या बाई टेबल पुसत होत्या! बाळ टेबलावर आलं, थोरलीचे दोन्ही हात मोकळे झाले, तेव्हा सूनबाई कुणाला ओळखत नव्हती. थोरलीनं आपला दवाखाना जवळ आहे म्हणून वडिलांचे पाय धरले. काका म्हणाले, "आपली गाडी वाटेत आहे." गाडी आली खरी. दवाखाना येण्याआधी सूनबाई त्या गाडीतच गेली.

दफनाच्या दिवशी थोरली दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभी होती. काकू तिच्याकडे गेल्या.

"खरं सांग मला. मी घेतलं असतं तर वाचली असती?"

"सांगता येत नाही. कदाचित नसती वाचली," थोरली म्हणाली. "पण तू घेतलं नाहीस, आई."

घरी येऊन काकूंनी नातीला दूध पाजलं, पण त्या रडल्या नाहीत.

रविवारी उपासनेत बाळाचा बाप्तिस्मा ठरला. आई नसली तर आजीनं मूल धरायचं आणि पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, वचनं द्यायची, अशी मंडळीची पद्धत होती. पाळकांनी आधी काकूंची स्तुती केली. एवढ्या कठीण घडीलाही या भगिनी नियमाला जागल्या, म्हणाले. विश्वास असावा तर असा. बाकांवरच्या बायकांनी डोळे पुसले. मग वचनं सुरू झाली. बालकाला प्रार्थना शिकवाल का? हो. शास्त्र शिकवाल का? हो.

"आणि मंडळीबाहेर टाकलेल्यांपासून या बालकाला दूर ठेवाल का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

पाळकांना वाटलं, बाई दुःखानं भांबावल्यात. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"ऐकू आलं मला. नाही म्हणाले मी. कुणाचा बाप्तिस्मा खरा, ते देव बघून घेईल. त्याला तेवढं कळत असेल. पण माझ्या सुनेचा जीव जात होता आणि मी लेकीच्या हातातून लेकरू घेतलं नाही. त्याला तुम्ही विश्वास म्हणता? पाप आहे ते, आणि ते मी तुमच्या नियमासाठी केलं. ज्याला जसा देव पटेल तसा त्यानं पुजावा. त्यापायी घरात फट पाडायला तुम्ही कोण?"

"जे वचन देत नाहीत ते आपले नाहीत," पहिल्या बाकावरून काका उठून म्हणाले. त्यांचा आवाज जराही कापला नाही. "आजपासून तूही बाहेर."

"काका, आज नको," पाळक हळूच म्हणाले.

"नियम तो नियम."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी बाळाला दोन्ही हातांवर उचलून सगळ्यांसमोर धरलं. "मी बाहेरची झाले. मग हिला माझ्या हातातून घेणार कोण?"

बाळ भुकेनं रडत होतं. पाळकांनी पुस्तकात डोळे घातले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिथं दुष्ट म्हणावं असं कुणी नव्हतं. अडल्यानडल्याच्या घरी डबा पोचवणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी ही माणसं. आणि रडणाऱ्या लेकरापुढे त्यांतला एकही हात हलला नाही. वाचकहो, तुमचा हलला असता का, हे मनाशी खरं सांगा.

शेवटी धाकटा उठला. लेकरू त्याचं होतं, बायको त्याची गेली होती. त्यानं एक पाऊल टाकलं, हात पुढे केले, आणि मग वळून बापाकडे पाहिलं.

ते थांबलेले हात काकूंनी ओळखले.

"बापाला विचारून घेणार असशील तर राहू दे, बाळा," त्या म्हणाल्या. नातीला खांद्याशी धरून त्या बाकांच्या मधून दाराकडे निघाल्या. थोरलीची ड्युटी संपायला अजून वेळ होता, तोवर त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहणार होत्या.