लाल अक्षरांच्या मागे

जर्मनीतल्या ब्रेमनच्या विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेतली तेव्हा साडेनऊ वाजले होते. साडेअकराला येव्हरच्या नोंदणी कार्यालयात माझ्या धाकट्या बहिणीचं, ब्रोनाचं लग्न, आणि साक्षीदार मी. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "डर्वला, बाराची वेळ दुसऱ्या जोडप्याची आहे. इथे कुणी कुणासाठी थांबत नाही."

सात महिन्यांची नूला मागे तिच्या खुर्चीत. तिचा पट्टा मी तीनदा ओढून पाहिला. ती झाल्यापासून मी गावातल्या दुकानापलीकडे गाडी नेली नव्हती, आणि इथे तर रस्त्याची बाजूही उलटी. नवरा, डोनल, कामामुळे थेट कार्यालयात पोहोचणार होता. शेजारी आई.

"उजवीकडे राहा," आई म्हणाली.

"उजवीकडेच आहे."

"मग स्टिअरिंग इतकं घट्ट का धरलंयस?"

महामार्गावर तासभर सगळं ठीक गेलं. मग निळ्या-चंदेरी रंगाची पोलिसांची गाडी बाजूने पुढे जाताना हळू झाली. आतल्या बाईंनी आमच्याकडे वाकून पाहिलं.

"आई, काय केलं मी?"

"काही नाही. सत्तरने चालली आहेस. शववाहिनीलासुद्धा याहून घाई असते."

ती गाडी आमच्या पुढे आली आणि तिच्या टपावर लाल अक्षरं पेटली. जर्मन मला येत नाही. पण आमच्या आयर्लंडमध्ये, कॉर्कला, गार्ड म्हणजे पोलीस मागून येतात, दिवे मारतात आणि आपण मुकाट बाजूला घेतो. मी लगेच कडेच्या पट्टीवर गाडी घेतली, थांबवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

पोलीस तसेच पुढे निघून गेले.

"बघ," आई म्हणाली, "तुझ्यासाठी नव्हतंच ते."

तेवढ्यात एक ट्रक इतक्या जवळून गेला की सगळी गाडी हलली. नूला किंचाळून रडायला लागली. दूरवर ती पोलीसगाडी थांबली आणि कडेकडेने मागे मागे येऊ लागली. पोलीसबाई कठड्याच्या बाजूने धावत आल्या आणि आईच्या काचेवर त्यांनी टकटक केलं.

"इथे का थांबलात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही थांबवलंत म्हणून," मी म्हणाले.

"आम्ही 'मागे या' म्हणत होतो! तान्ह्या बाळाला घेऊन इथे उभं राहतं का कुणी?"

"गार्डबाई," आई म्हणाली, "आमच्याकडे न थांबणाऱ्याला धरतात हो."

त्या हसल्या नाहीत. "पुढे दोन किलोमीटरवर विश्रांतीथांबा आहे. आता तरी मागे या."

थांब्यावर मी इंजिन बंद केलं. परवाना, भाड्याचा करार, सगळं निळ्या फोल्डरमध्ये क्रमाने लावलेलं होतं. त्यांनी कागद पाहिले, परत दिले आणि म्हणाल्या, "बाहेर या, दाखवते."

मागच्या दारात नूलाच्या पांढऱ्या पांघरुणाचं टोक अडकलं होतं. बाहेर हातभर लोंबत होतं, काळंकुट्ट, चिंध्या झालेलं. चाकापासून चार बोटांवर.

पट्टा तीनदा पाहिला, आणि दाराकडे एकदाही नाही!

"मी नाही चालवणार पुढे," मी म्हणाले. "टॅक्सी मिळेल का? साडेअकराला बहिणीचं लग्न आहे, येव्हरला."

त्यांनी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी. "टॅक्सी यायलाच अर्धा तास लागेल. गाडीने तुम्ही वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचाल." मग मागचं दार उघडून त्यांनी नूलाचा पट्टा बोटाने ओढून पाहिला. नूलाने ते बोटच पकडलं. "इतकं नीट बांधलेलं बाळ मी क्वचितच पाहते. थांबलात चुकीच्या जागी, पण थांबलात ना? आमच्यापुढून पळणारे पुष्कळ भेटतात." कागदावर काही न लिहिता त्यांनी पेन खिशात ठेवलं. "आणि जरा शंभरने चालवा."

"मी तेच सांगत होते!" आई म्हणाली.

मी पांघरूण आत घेतलं. चारही दारं हाताने दाबून पाहिली आणि गाडीत बसले. येव्हरच्या फाट्यापर्यंत त्यांना त्याच रस्त्याने जायचं होतं. पुन्हा ती अक्षरं पेटली. या वेळी मी थांबले नाही. काटा शंभरवर ठेवून त्या लाल अक्षरांच्या मागे मी चालले होते. फाट्यावर ती विझली. बाईंनी खिडकीतून हात काढून दिशा दाखवली आणि त्या सरळ निघून गेल्या.

कार्यालयाच्या पायरीवर ब्रोना उभी होती. अकरा चोवीस.

"जीव घेतलास माझा! कुठे होतीस?"

"गार्डने पकडलं तिला," आई म्हणाली. "थांबल्याबद्दल."

मी सही केली तेव्हा नूला माझ्या कडेवर होती, त्या मळक्या पांघरुणाचं टोक चघळत. ते तिने सोडलंच नाही.

संध्याकाळी मुक्कामाकडे निघताना डोनलने हात पुढे केला. "दे किल्ली. दमली असशील."

"मागे बस," मी म्हणाले, "आणि दार नीट लाव."