दाराबाहेरचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. फुटबॉलचा, उजव्या पायाचा. जुना म्हणवतो खरा, पण पहिलं अख्खं वर्ष मी चेंडूला शिवलोसुद्धा नव्हतो.

माझं घर समुद्रापार, टॅम्पिनीस नावाच्या उपनगरात, नवव्या मजल्यावर, क्षिप्राच्या फ्लॅटच्या दाराबाहेरचा शू-रॅक. क्षिप्राचे बाबा निशिकांतराव बँकेत आहेत आणि दर शनिवारी संध्याकाळी घरात कीर्तन करतात. तेव्हा माझ्याभोवती वीस-पंचवीस जोड येऊन विसावतात. आम्हा पादत्राणांना आत प्रवेश नाही. पण झांजांचा नाद दाराखालून येतो आणि आमच्या पोकळ पोटात छान घुमतो. देवाने कान दिले नाहीत, तरी ऐकायची सोय केली आहे.

क्षिप्रा कॉलेजच्या मुलींच्या संघात खेळते. तिसऱ्या वर्षाला तिने मला क्वीन्सटाउनच्या एका सेलमधून आणलं. तळव्यावर किमतीची पिवळी चिठ्ठी होती. आई, म्हणजे संजीवनीताई, म्हणाल्या, "इतके छान आहेत, सरावाला कशाला खराब करतेस? मॅचला घाल."

क्षिप्राने ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती झिजून गुळगुळीत झालेले जुने बूट घालून सरावाला गेली, ओल्या गवतावर घसरली आणि तिचा गुडघा दुखावला. जुने बूट कचऱ्यात गेले. मी मात्र फळीवर कोराच राहिलो.

कॉलेजच्या स्पर्धेत एका मुलीला तीनच वर्षं खेळता येतं. ज्या वर्षी एक मिनिटही मैदानात उतरली नाही, ते वर्ष मात्र धरत नाहीत. म्हणून चौथ्या वर्षी क्षिप्राने दुखापतीत गेलेलं ते वर्ष परत मागितलं. अडचण एकच होती. डॉक्टरांच्या पत्रातली विश्रांतीची मुदत अंतिम सामन्याच्या आधीच संपत होती आणि त्या सामन्याच्या खेळाडूंच्या यादीत तिचं नाव होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी तिच्या पिशवीतच होतो आणि पिशवीची चेन काही उघडली नाही. पण बुटाची साक्ष कोण घेणार?

अर्ज बाबांनी लिहायला घेतला. दार उघडंच होतं.

"बाबा, चार पानं झाली, अजून गुडघा आलाच नाही. एकच पान हवंय लाह," क्षिप्रा इथल्या बोलीच्या हेलात म्हणाली.

"अगं, आधी श्रोत्यांचं मन तयार करावं लागतं."

"तुमचा पूर्वरंग शनिवारी," संजीवनीताई आतून म्हणाल्या. "इथे थेट आख्यानाला या."

सुनावणीच्या दिवशी क्षिप्राने मला पिशवीत घातलं. होकार मिळाला तर तिथूनच सरावाला जायचं, असा तिचा बेत होता. स्पर्धेच्या समितीच्या प्रमुख मॅडम लिम यांनी यादी पुढे सरकवली.

"इथे नाव आहे. मग खेळली नाहीस कशावरून?"

"नाव मी घातलं," कोच फैझल म्हणाले. "वर्षभर एकटी बसली होती. म्हटलं, शेवटी तरी बाकावर आमच्यात बसू दे."

"तुमची माया कळली, कोच. पण कागदाला माया कळत नाही."

क्षिप्राने मला बाहेर काढलं. "माझ्याकडे हा एकच जोड आहे, मॅडम. त्या दिवशीही हाच—"

आणि माझा तळ सुटला. पापडासारखा अलगद टेबलावर पडला, थेट यादीवर.

मी लाजेने अर्धमेला झालो. मॅडम लिमनी मात्र तो तळ उचलला, चष्मा वर केला आणि पिवळ्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. चिठ्ठीचा कोपराही उचकटला नव्हता. तळाच्या खुंट्यांवर एक ओरखडा नव्हता.

"ह्याने गवत पाहिलेलंच नाही," त्या हसल्या. "इथल्या दमट हवेत न वापरलेले बूट असेच जातात. माझेही गेले होते, जपून ठेवलेले."

वर्ष मिळालं. फैझल कोचनी डोळे पुसले आणि घाम आल्याचं सांगितलं. खोलीत एसी चालू होता.

पुलाखाली बसणाऱ्या चांभारकाकांनी मला चहूबाजूंनी शिवलं. आता मी रोज चिखलात असतो. खुंट्या झिजल्यात, नाकावर खरचटलंय आणि पिवळी चिठ्ठी कधी गेली ते कळलंही नाही. गेल्या शनिवारी निशिकांतरावांनी कीर्तनात माझाच दृष्टांत दिला. देहही असाच आहे, म्हणाले; ठेवून दिला तर कुजतो, सेवेत झिजला तर शोभतो. बाहेर शेजारच्या कोऱ्या सँडल माझ्याकडे फार आदराने पाहत होत्या.

म्हणून मित्रांनो, आम्हाला पुसा, वाळवा, उसवलं तर शिवून घ्या. पण कौतुकाने फळीवर ठेवून देऊ नका. उद्या पहिला सामना आहे. क्षिप्राने आत्ताच माझी नाडी बांधून पाहिली, घट्ट.