कापराच्या डबीशेजारची कुपी

दिवस कासराभर वर आला होता. तलवाड्यात केसरबाईच्या गोठ्यात तीन दिवसांची कालवड आडवी पडली, ती उठेना. निजामाच्या मुलखातलं सन १३३१ फसली, म्हणजे इंग्रजी १९२१-२२; पौष महिना.

मित्रांनो, त्या घरात मी आले ती त्याच सकाळी. मी बोटभर उंचीची काचेची कुपी. तोंडाला बूच, पोटात साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या. हैदराबादेहून आलेल्या एका पेटीत आम्ही चोवीस बहिणी होतो. पेटी किराणा दुकानदार शंकरप्पांची. होमिओपॅथीचं पुस्तक वाचून ते माणसांना आणि गुरांनाही औषध देत.

केसरबाईच्या गायीची आधीची दोन वासरं हगवणीनं गेली होती. वासरू गेलं की गाय पान्हा चोरायची आणि आटायची. हे तिसरं वेत, आणि या कालवडीलाही हगवण लागली होती.

मला केसरबाईच्या हाती देताना शंकरप्पांनी दोनच गोष्टी बजावल्या. चार गोळ्या पाण्यात विरघळवून दिवसातून तीनदा पाजायच्या, आणि कुपी वासाच्या जिनसांपासून लांब ठेवायची.

केसरबाईच्या नवऱ्यानं, धोंडीरामनं, मला उजेडात धरलं. "साखरंच्या दाण्यानं उठतंय व्हय ते? मग मला बी दे चार. मी बी येळंवर उठत न्हाई."

केसरबाई हसली नाही. तिच्या लेखी वास म्हणजे गोठ्याचा. म्हणून तिनं मला घरातल्या सर्वांत स्वच्छ जागी, देव्हाऱ्यात, कापराच्या डबीला टेकवून ठेवलं.

दोन दिवस मी तिला पाहिलं. खरवसाची वाट पाहणाऱ्या शेजारणींना तिनं परत पाठवलं. चीक सगळा कालवडीचा. तो ती बोट चोखवून थोडा थोडा पाजी. अंगाखालचं भुसकट ओलं झालं की बदली, गोणपाटानं अंग चोळी. माझ्या गोळ्यांची वेळ एकदाही चुकली नाही.

तिसऱ्या दिवशी शंकरप्पा आले. कालवड आईला ढुशा देत होती. त्यांनी कौतुकानं माझं बूच उघडलं आणि हुंगलं.

"बाई, कापराजवळ ठेवली कावून? दवा मरती त्यानं. पुस्तकात लिवलंय."

केसरबाईनं कालवडीकडे पाहिलं. "मंग ही कशानं उठली, आप्पा?"

शंकरप्पांनी पुस्तक दोनदा चाळलं. उत्तर सापडलं नाही. गावानं मात्र मलाच नावाजलं. मला ते खरं वाटत नाही, खोटं म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही. एवढंच सांगते, मित्रांनो: मला जपाल तेवढंच अंगाखालचं भुसकटही जपा.

आज, चार वर्षांनी, तीच कालवड सकाळी व्याली. केसरबाईनं आधी कोरडं भुसकट टाकलं, मग मला उघडलं. माझ्या पोटात दोनच गोळ्या उरल्या आहेत. शंकरप्पा नवी कुपी घेऊन दारात उभे आहेत आणि ती कुठे ठेवायची, हे केसरबाई त्यांनाच विचारते आहे.