पळसटोल्याच्या मंडईचा दिवस

ब्रह्मपुरीच्या एका वाचनालयात देवरावभाऊंचा पत्रकारितेचा वर्ग भरे. जुन्या रीती, घरदार, देवधर्म मानणाऱ्या पोरांनीही बातमीदार व्हावं, म्हणून त्यांनी तो सुरू केला होता. कॉलेजातली मुलं त्याला 'आजोबांची शाळा' म्हणत. निशातला ते लागत नसे. जुनं तिला मनापासून आवडे, त्यात लाजण्यासारखं काही तिला वाटत नव्हतं. लागे ते दुसरंच. बांगडीवाल्या अयूबची ही पोरगी आमच्या रीतीभातींवर काय लिहिणार, असं वर्गातल्यांच्या चेहऱ्यांवर दिसे.

शेवटचं काम भाऊंनी असं दिलं : पळसटोल्याची मंडई का उतरली ते शोधा. दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री नाटक होतं, लेकी माहेरी येतात. पळसटोल्याला मात्र अलीकडे कोणी फिरकेना, आणि यंदा मंडई बंदच करायचं ग्रामसभेत निघालं होतं. ज्याची बातमी सरस, त्याची भाऊंच्या साप्ताहिकात नावानिशी छापणार आणि तोच तालुक्याचा बातमीदार. निशातला ती जागा हवी होती. नाही मिळाली, तर नागपूरला मामाच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं होतं.

"याच्यात पाहाचं काय हाय?" प्रणित म्हणाला. "मोबाइलनं मंडई खाल्ली. सगळ्याइले माहीत हाय." त्याने जागेवर बसूनच बातमी लिहून टाकली.

निशात मात्र जीपमध्ये दाटीवाटीने बसून गावात गेली. पहिल्याच घरी बायनाबाई अंगणात धान पाखडत होती.

"बाई, मागच्या मंडईले तुमच्या लेकी नाई आल्या?"

"कशा येतीन माय? दोघी आंबेटोल्याले देल्या. त्याच दिवशी त्यायच्या घरी पाहुणे."

"त्याच दिवशी काऊन?"

"तिथचा बाजार रविवारचा, म्हनून मंडईबी रविवारची. आमची पहिलेपासून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. लटारूभाऊ सरपंच झाले अन् आमचीबी रविवारी नेली."

"मंग सांगतलं काऊन नाई त्यायले?"

बायनाबाईने सूप खाली ठेवलं. "त्यायचा प्रफुल घुग्घुसच्या खाणीत. रविवारीच येते घरी. बापाचं मन कोन मोडन?"

निशात घरोघर फिरली. निम्म्या गावाच्या सोयरिकी आंबेटोल्याच्या, आणि सगळीकडे हेच उत्तर.

वर्गात तिने बातमी वाचली तेव्हा प्रणित हसला. "मंडईवर लिहाचं होतं, पंचांगावर नाई!"

भाऊ हसले नाहीत. मंडईवरचा त्यांचा स्वतःचा अग्रलेख छापायला गेला होता, आणि त्यातही मोबाइललाच दोष दिला होता. निशातला ते ठाऊक होतं.

"भाऊ, तुमचं मत चुकलं असं नाई म्हनत मी," ती कशीबशी बोलली. "पन पळसटोल्यात असं झालं नाई."

भाऊंनी बातमी मागून घेतली, पुन्हा वाचली आणि छापखान्यात फोन लावला. "माझा अग्रलेख काढा. त्या जागी बातमी येऊन राह्यली." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "आपलं मत खरं दिसावं म्हनून बातमी वाकवली, तर आपन राखलं काय?"

अंक निघाला. 'पळसटोल्याची मंडई तिच्या दिवसावर परत न्या', आणि खाली निशातचं नाव.

ग्रामसभेत लटारूभाऊंनी तो निशातपुढे, सगळ्यांसमोर आपटला. "कोनं सांगतलं तुले हे, पोरी?"

"गावानं, भाऊ. तुमाले सांगाले लाजत होते."

सभेत खसखस पिकली. तेवढ्यात मागून प्रफुल उठला. "बाबा, मले एक डाव इचारलं असतं! भाऊबीजेले सुट्टी काढतोच मी. अजून एक दिवस वाढवतो."

लटारूभाऊ स्वतःच हसले. मंडई जुन्या दिवसावर गेली.

आणि भरली! आंबेटोल्याच्या बैलगाड्या, जीपा, मोटारसायकली गावाबाहेरपर्यंत उभ्या. अयूबच्या हातगाडीभोवती लेकीबाळींची झुंबड. बायनाबाईच्या दोघी लेकींनी निशातला ओढत घरी नेऊन जेवायला बसवलं आणि वाढता वाढता दमवलं. नाटकाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. ती कडेलाच थांबली, तेव्हा पुढून प्रणितचा आवाज आला, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा.

"सरका ना बाप्पा! तालुक्याची बातमीदार येऊन राह्यली!"

लोक सरकले. निशात पदर सावरत, ताठ मानेने थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली.